करंट बांधला की व्होल्टेज मोकळं होतं: सिंगल एंडेड ईएल८४च्या कॅथोडला एलएम३१७ लावावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही अंबाजोगाईला घरी दोन चॅनेलचा सिंगल एंडेड, म्हणजे प्रत्येक चॅनेलला एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेला, ॲम्प्लिफायर बांधलाय. प्रत्येक बाजूला स्पीकर चालवणारा एक ईएल८४, पेंटोड जोडणीत, कॅथोडला १५० ओमचा रेझिस्टर आणि त्याआधी सिग्नल वाढवायला अर्धा ईसीसी८३ (एका काचेत दोन व्हॉल्व्ह, त्यातला एक). कॅथोड तापून इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट आणि स्क्रीन ते ओढतात, आणि मधली ग्रीड हा करंट कमी-जास्त करते. व्हॉल्व्ह जुन्या रेडिओंतून काढलेले, बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्स). प्लेटवर दोन्हीकडे २७० व्होल्ट. पण डाव्या कॅथोडवर ५.७ व्होल्ट आणि उजव्यावर ७.८. संध्याकाळी शिवारातल्या मोटारी चालू झाल्या की लाइन १९० व्होल्टवर येते, मध्यरात्री २५०ला जाते. कुणीतरी सांगितलं की कॅथोडला एलएम३१७ या रेग्युलेटर आयसीचा कॉन्स्टंट करंट सोर्स (करंट ठरलेला ठेवणारी जोडणी) लावा, बायसची, म्हणजे ग्रीड कॅथोडपेक्षा किती व्होल्ट खाली ठेवायची त्याची, कटकट मिटेल. तसाच सोर्स ईसीसी८३च्या प्लेटलाही लावावा का, असं तुम्ही विचारताय.

लावा. पण ‘कटकट मिटेल’ हे मला मान्य नाही. रेझिस्टर असतो तेव्हा करंट आणि व्होल्टेज दोघं एकमेकांना धरून थोडे थोडे हलतात. करंट सोर्स लावला की करंट खुंटीला बांधला जातो आणि व्होल्टेज पूर्ण मोकळं सुटतं. तेव्हा कुठलाही करंट सोर्स लावताना एकच प्रश्न विचारायचा: कुठलं व्होल्टेज मोकळं झालं, आणि ते कुठपर्यंत जाऊ शकतं? परभणीत रेडिओ आणि लाउडस्पीकरचे सेट दुरुस्त करण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. करंट सोर्समुळे बिघडलेला जो जो सेट माझ्या टेबलावर आला, त्यात हा प्रश्न विचारायचा राहून गेलेला होता.

तुमच्या आकड्यांपासून सुरुवात करू. ५.७ भागिले १५० म्हणजे ३८ मिलिॲम्पिअर, ७.८ भागिले १५० म्हणजे ५२. हा करंट प्लेट आणि स्क्रीन दोन्हींचा मिळून असतो. डेटाशीटमधला ईएल८४चा नेहमीचा बिंदू आहे प्लेट २५० व्होल्ट, स्क्रीन २५०, ग्रीड उणे ७.३, प्लेटचा करंट ४८ आणि स्क्रीनचा ५.५ मिलिॲम्पिअर. म्हणजे स्क्रीनचा वाटा साधारण दहा टक्के. तुमच्या उजव्या बाजूला प्लेटचा करंट ४७च्या आसपास, प्लेट आणि कॅथोडमध्ये २६२ व्होल्ट, गुणाकार १२ वॅटच्या थोडा वर. ईएल८४च्या प्लेटची मर्यादाच १२ वॅट आहे. आणि हे २३० व्होल्टच्या लाइनवर. मध्यरात्री २५० झाले की एचटी, म्हणजे प्लेटला मिळणारं मोठं डीसी व्होल्टेज, २९३ होते, रेझिस्टर थोडंफार सावरून घेतो, तरी एकूण करंट ५७च्या घरात जातो आणि प्लेटवर १४ वॅटच्या वर उष्णता पडते. अंधारात प्लेटकडे बघा. तांबूस झाक दिसली तर रेकॉर्ड संपायची वाट न बघता सेट बंद करा.

आता एलएम३१७. हा आयसी आउटपुट आणि ॲडजस्ट या दोन पायांमध्ये १.२५ व्होल्ट राखतो. त्या दोन पायांमध्ये २७ ओम टाकले की करंट १.२५ भागिले २७, म्हणजे ४६ मिलिॲम्पिअर. इनपुटचा पाय कॅथोडला, आउटपुटला २७ ओमचं एक टोक, दुसरं टोक आणि ॲडजस्टचा पाय दोन्ही ग्राउंडला. १५० ओमचा रेझिस्टर काढून टाकायचा, कॅथोडचा कंडेन्सर तसाच ठेवायचा. ४६ मध्ये प्लेटचा वाटा ४१च्या आसपास, म्हणजे पावणेअकरा वॅट. मध्यरात्रीच्या २५०लाही हिशोब साडेअकरा वॅटच्या आसपास राहतो, कारण व्होल्टेज वाढलं तरी करंट वाढत नाही. जिथं लाइन अशी वर-खाली होते तिथं हा फायदा खरा आहे. पुण्या-मुंबईत बसून हे सर्किट लावणाऱ्याला त्याची इतकी गरज नसते, आपल्याला असते.

इथं कॅथोडचं व्होल्टेज मोकळं झालं. दोन्ही व्हॉल्व्हमधून ४६च मिलिॲम्पिअर जाणार, पण तेवढा करंट द्यायला सशक्त व्हॉल्व्ह ८.३ व्होल्टच्या आसपास स्थिरावेल आणि कमजोर ४.८च्या. करंट समान झाला म्हणून व्हॉल्व्ह समान झाले असं होत नाही. कमजोर व्हॉल्व्हच्या ग्रीडला ४.८ व्होल्टचं शिखर आलं की ग्रीड करंट सुरू होणार, तिथून पुढे आवाज फाटणार. ती बाजू आवाजालाही थोडी कमी राहील, कारण तिचा गेनच (सिग्नल किती पट वाढतो ते) घसरलेला असतो. करंट सोर्सने जोड जुळत नाही. ती व्हॉल्व्ह निवडूनच जुळवावी लागते.

पण या गोष्टीचा मला एक मोठा उपयोग दिसतो. करंट ठरलेला असल्यामुळे कॅथोडचं व्होल्टेज व्हॉल्व्हच्या तब्येतीचं मीटरच होऊन बसतं. रेझिस्टरमध्ये हे इतकं स्वच्छ दिसत नाही, कारण तिथं दोन्ही आकडे सरकत असतात. सेटच्या तळाशी कागद चिकटवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी, लाइन २३० असताना, सेट अर्धा तास तापल्यावर दोन्ही कॅथोडची व्होल्टेज तारखेसह लिहा. ८.३चे ७.५ झाले, ७ झाले, की व्हॉल्व्ह उतरतोय हे कानाला कळायच्या आधी कळतं. पाचच्या खाली गेला की मी तो बदलतो.

संध्याकाळची १९०ची लाइन हा मात्र वेगळा मामला आहे, आणि तुम्हाला सल्ला देणाऱ्याने तो विचारात घेतलेला नाही. १९०ला एचटी २२३ होते आणि हीटरच्या ६.३ व्होल्टचे ५.२ होतात. करंट सोर्स तरीही ४६ मिलिॲम्पिअर मागतच राहतो. ईएल८४मध्ये स्क्रीनचे १९ व्होल्ट ग्रीडच्या एका व्होल्टइतके काम करतात. स्क्रीन ४७ व्होल्टने उतरली म्हणजे कॅथोड जवळजवळ अडीच व्होल्टने खाली येणार. सशक्त व्हॉल्व्ह पावणेसहावर येईल, चालेल. कमजोर सव्वादोनवर येईल. एलएम३१७ला स्वतःला चालायला दोनेक व्होल्ट आणि वर ते १.२५, म्हणजे साडेतीन व्होल्ट तरी कॅथोडवर हवेत. त्याखाली तो करंट सोर्स राहतच नाही, नुसता वाट देतो. त्यातून काही जळत नाही, पण ती बाजू फाटक्या आवाजात वाजते. आणि अर्धवट तापलेल्या कॅथोडकडून पूर्ण करंट ओढत राहणं व्हॉल्व्हसाठी बरं नाही. हीटरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही हा जुन्या मेकॅनिक लोकांचा नियम होता, तो पाळावा. म्हणून एलएम३१७ आणायच्या आधी सर्व्हो स्टॅबिलायझर आणा. रिले असलेला नको. तो टप्पा बदलताना एचटीला झटका देतो आणि तो स्पीकरमध्ये ऐकू येतो.

कंडेन्सरचं सांगतो. आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडला करंट सोर्स असेल तर कंडेन्सर लावावाच लागतो. तो काढला तर सिग्नलच्या करंटला वाटच उरत नाही आणि आवाज जवळजवळ बंद होतो. ईएल८४चा कॅथोड आतून बघितला तर ८० ओमच्या आसपास दिसतो, तेव्हा १००० मायक्रोफॅरड लावले की खालची मर्यादा २ हर्ट्झवर जाते. १०० मायक्रोफॅरडवर ती २० हर्ट्झ होते. कंडेन्सर ६३ व्होल्टचा घ्या, आठ व्होल्टच आहेत म्हणून १६चा घेऊ नका. का, ते पुढे येतं.

सेट मोठ्याने वाजवला की आणखी एक गोष्ट घडते. सिंगल एंडेड व्हॉल्व्ह वरच्या बाजूला जास्त आणि खालच्या बाजूला कमी झुलतो, म्हणून मोठ्या सिग्नलला त्याचा सरासरी करंट वाढतो. ईएल८४च्या स्क्रीनचा करंट तर पूर्ण पॉवरला जवळजवळ दुप्पट होतो. रेझिस्टर ही वाढ थोडी चालवून घेतो. करंट सोर्स अजिबात चालवून घेत नाही. जादा करंट कंडेन्सरमध्ये भरतो, कॅथोड वर चढतो आणि सरासरी पुन्हा ४६ होईपर्यंत व्हॉल्व्ह थंड, म्हणजे कमी करंटच्या, बायसकडे ढकलला जातो. स्वच्छ आवाजाच्या मर्यादेत हा फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपासचा, तो ऐकू येत नाही. पण सेट सतत फाटेपर्यंत वाजवला तर कॅथोड काही व्होल्ट चढतो आणि मोठ्या ठोक्यानंतर पुढचे दोन-चार स्वर दबल्यासारखे येतात. घरात शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्याला याचा त्रास नाही. गिटारच्या ॲम्प्लिफायरला किंवा भजनी मंडळाच्या सेटला मी शुद्ध करंट सोर्स कधीच लावत नाही.

तुमच्यासारख्या, रेडिओतून काढलेल्या आणि जोड न जुळलेल्या व्हॉल्व्हसाठी मी मधला मार्ग घेतो. एलएम३१७ला २७ऐवजी ३९ ओम लावायचे, म्हणजे ३२ मिलिॲम्पिअर बांधलेले. त्याला समांतर, कॅथोडपासून ग्राउंडला ५६० ओमचा रेझिस्टर. आठ व्होल्टला त्यातून १४ जातात. बेरीज पुन्हा ४६. सशक्त व्हॉल्व्ह ताब्यात राहतो, कमजोरावर पूर्ण ओझं पडत नाही, तो चाळीस-एकेचाळीसवर निवांत बसतो. मोठ्या आवाजातली वाढही थोडी सामावली जाते. कागदावर हे सर्किट कमी शुद्ध दिसतं, पण माझ्या स्वतःच्या सेटमध्ये तेच आहे. वर सांगितलेलं तब्येतीचं मीटर याच्यातही चालतं, फक्त आकडा जरा कमी हलतो.

आता जोडणी. परभणीतल्या एका ६व्ही६च्या सेटमध्ये मी कॅथोडला नुसता एलएम३१७ लावून दिला होता, संरक्षण काही नाही. काही महिन्यांनी व्हॉल्व्हच्या आत स्क्रीन आणि कॅथोडचा शॉर्ट झाला. एलएम३१७च्या इनपुट आणि आउटपुटमध्ये ४० व्होल्टच चालतात. तिथं अडीचशे आले. आयसी मेला आणि मरताना शॉर्ट झाला, कॅथोड थेट ग्राउंडला बसला. मालकाने व्हॉल्व्ह बदलून सेट चालू केला. नव्या व्हॉल्व्हला बायस शून्य. प्लेट लाल झाली आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी जळाली. तो ट्रान्सफॉर्मर हाताने, थर लावून गुंडाळलेला होता; तसा पुन्हा झाला नाही. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून कॅथोड ते ग्राउंड ३३ व्होल्टचा ५ वॅटचा झेनर (व्होल्टेज त्या आकड्याच्या वर जाऊ न देणारा डायोड) लावल्याशिवाय मी एलएम३१७ला सोल्डरचा डाग देत नाही. झेनरचं कॅथोडचं टोक, म्हणजे पट्टीची बाजू, व्हॉल्व्हच्या कॅथोडकडे. कंडेन्सर ६३ व्होल्टचा घ्यायचा तोही याचसाठी. शिवाय व्हॉल्व्हचा कॅथोड आणि या सगळ्या जोडणीच्या मध्ये १०० मिलिॲम्पिअरचा फ्यूज ठेवा. हा फ्यूज प्लेटच्या वाटेत ठेवू नका. प्लेट तुटली आणि स्क्रीन चालू राहिली तर सगळा करंट स्क्रीन खेचते आणि तीच जळते. कॅथोडची वाट तुटली की दोन्ही एकदम बंद.

एलएम३१७चा पत्रा आतून आउटपुटच्या पायाला जोडलेला असतो. तो चॅसिसला टेकला तर तुमचा २७ किंवा ३९ ओम बाजूलाच पडतो, आयसीला १.२५ व्होल्ट कधी मिळतच नाहीत आणि तो पूर्ण उघडतो. इथं उष्णता पाव-अर्धा वॅटच आहे, तेव्हा हीट सिंकची गरज नाही. पायांवर उभा ठेवा, रेझिस्टर त्याच्या पायांजवळच लावा. चॅसिसला कसायचाच असेल तर अभ्रकाची पट्टी आणि स्क्रूला प्लास्टिकचं बूच हवंच. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये ६० वॅटचा बल्ब ठेवा. मीटर २७ किंवा ३९ ओमवर लावा, १.२५ दिसले की आयसी काम करतोय. आणि एचटीचे कंडेन्सर उतरल्याची मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नका. २७० व्होल्ट डीसी धरून ठेवतो.

दुसरा प्रश्न, पुढच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचा. तिथं एलएम३१७ विसरा. त्याला स्वतःला चालू राहायलाच दहा मिलिॲम्पिअर लागू शकतात आणि ईसीसी८३ एक-सव्वा मिलिॲम्पिअरवर चालतो. तिथं डीएन२५४०सारखा डिप्लिशन मॉस्फेट (गेटला व्होल्टेज न देताही करंट जाऊ देणारा ट्रान्झिस्टर) लागतो. तो ४०० व्होल्ट सोसतो आणि एक ट्रिमर रेझिस्टर लावला की दोन टोकांचा करंट सोर्स होतो. पण ईसीसी८३ला तो लावू नका असं मी म्हणेन. तुमच्या १०० किलोओमवर त्याचा गेन साठच्या आसपास आहे. करंट सोर्स लावला तर तो नव्वदच्या जवळ जाईल, आणि ईएल८४ला जेमतेम आठ व्होल्टचं शिखर लागतं. मोबाइलमधून अर्धा व्होल्ट आला तरी तुमच्याकडे आत्ताच गेन जास्त आहे. वाढवून फक्त घरघर वाढेल.

खोबणी तीच ठेवून ईसीसी८३ऐवजी कमी गेनचा ईसीसी८२ बसवा. नऊ पिना आणि जोडणी सारखीच आहे. त्याच्या प्लेटला ५ मिलिॲम्पिअरचा करंट सोर्स आणि कॅथोडला १ किलोओम. बायस बरोबर ५ व्होल्ट होतो आणि प्लेट १५० व्होल्टच्या आसपास स्थिरावते. गेन सोळा-सतरा, तुमच्या कामाला पुरेसा. इथं करंट सोर्सची खरी गंमत दिसते. व्हॉल्व्हची बरीचशी विकृती करंट हलल्यामुळे येते. करंट हललाच नाही तर प्लेटचं व्होल्टेज ग्रीडच्या मागे जवळजवळ सरळ रेषेत चालतं. कॅथोडच्या १ किलोओमवरही सिग्नल उरत नाही, म्हणून त्यावरचा कंडेन्सर काढला तरी गेन जवळपास तितकाच राहतो. आउटपुट व्हॉल्व्हला कंडेन्सर हवाच आणि इथं नसला तरी चालतो, हे ऐकून मुलं गोंधळतात. पण तिथं व्हॉल्व्हने स्पीकरला करंट द्यायचा असतो, इथं नुसतं व्होल्टेज द्यायचं असतं. आणि एचटीची घरघर: २७ किलोओमचा रेझिस्टर असता तर एचटीवरच्या लहरीचा चौथा हिस्सा प्लेटवर आला असता. करंट सोर्सने तो नगण्य होतो. आपल्याकडच्या मळक्या लाइनला हे फार उपयोगी आहे.

मोकळं व्होल्टेज इथं प्लेटचं आहे. व्हॉल्व्ह बदलला, जुना झाला, की अर्ध्या व्होल्टचा बायसचा फरकही प्लेटवर सतरापट होऊन आठ-साडेआठ व्होल्टने दिसतो. म्हणून प्लेट मुद्दाम मध्यावर ठेवायची, दोन्हीकडे जागा सोडून. डीएन२५४०चे नग एकसारखे नसतात, तेव्हा ठरावीक रेझिस्टर न लावता १०० ओम आणि १ किलोओमचा ट्रिमर सिरीजमध्ये लावून प्रत्येक नग वेगळा जुळवा. गेटला १ किलोओमचा रेझिस्टर अगदी पायाशी लावा, नाहीतर तो वरच्या फ्रिक्वेन्सीला गुणगुणतो. याचा पत्रा ड्रेनला असतो, म्हणजे पूर्ण एचटीवर. त्याला बोट लागता कामा नये. चालू करताना व्हॉल्व्ह थंड असतो तोवर प्लेटवर सगळी एचटी येते. पुढचा कपलिंग कंडेन्सर ६३० व्होल्टचा घ्या.

ईएल८४च्या प्लेटलाच करंट सोर्स लावून आउटपुट ट्रान्सफॉर्मर कंडेन्सरमधून जोडणारेही आहेत. ट्रान्सफॉर्मरमधून डीसी जात नाही म्हणून त्याच्या गाभ्याच्या लोखंडी पट्ट्यांत फट ठेवावी लागत नाही, आकार लहान होतो. पण एचटी पाचशेच्या घरात लागते आणि प्रत्येक बाजूला दहा वॅट फुकट उष्णता. मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या पुढे पारा असताना मी हे सुचवणार नाही. कॅथोडच्या करंट सोर्सने मात्र ट्रान्सफॉर्मरमधला डीसी हटत नाही, तो वाहतच राहतो, म्हणून फट लागतेच. ज्या मोटार वायंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर करून घेतलात त्याने पट्ट्या एकाआड एक उलट-सुलट भरल्या असतील तर फट राहिलेली नाही आणि बास दबलेला येईल. हे आधी उघडून बघा. ई आकाराच्या सगळ्या पट्ट्या एका बाजूला, आय आकाराच्या सगळ्या दुसऱ्या बाजूला, मध्ये कागद, अशा हव्यात.

स्टॅबिलायझर आला, ३९ आणि ५६० ओमची जोडणी झाली की दोन्ही कॅथोडची व्होल्टेज मला कळवा: संध्याकाळी मोटारी चालू असताना, रात्री दहाला आणि मध्यरात्रीनंतर. मग व्हॉल्व्ह डावे-उजवे बदलून पुन्हा एकदा. कमी आकडा व्हॉल्व्हबरोबर पलीकडे गेला तर व्हॉल्व्ह कमजोर आहे, तिथंच राहिला तर दोष जोडणीत आहे. व्हॉल्व्हच निघाला तर नवा विकत घेऊ नका, माझ्याकडे मोजून ठेवलेले बीईएलचे पाच-सहा ईएल८४ आहेत. त्यातला जुळणारा काढून ठेवतो.